बापाच्या नावाची ट्यूब

आमच्या लॅबमध्ये नवीन कोणी कामाला आलं की पहिल्याच दिवशी मी एक वाक्य ऐकवते, "निकाल जुळत नसेल तर आधी ट्यूबवर शंका घ्या, मग मशीनवर, आणि माणसावर सगळ्यात शेवटी." हे मी इतक्यांदा आणि अशा करड्या आवाजात सांगितलंय की चहाच्या वेळी पोरं माझी नक्कल करतात. करू देत. वाक्य बरोबरच आहे. मोडलं ते मी, आणि तेही सख्ख्या भाच्याच्या बाबतीत.

मी मूळची धरणगावकडची. आमचं गाव तालुक्याच्या रस्त्यापासून थोडं आत, शेती कापसाची. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. थोरला शेती बघतो, धाकटा शेतीही बघतो आणि ट्रॅक्टरही चालवतो, त्याचं लग्न व्हायचंय. आई गेली तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागले होते. लग्न केलं नाही. त्यामुळं घरात माझ्या शब्दाला जरा जास्तच वजन आलं. बैल विकायचा की ठेवायचा इथपासून कुणाच्या लग्नात किती माणसं न्यायची इथपर्यंत सगळं "अक्काला विचारा" वर येऊन थांबायचं. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

मग थोरल्याचं लग्न झालं. भावजय धुळ्याची. आली आणि वर्षभरात घर तिच्या हाताखाली गेलं. आबांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी लागते, कोणत्या कोनाड्यात काय असतं, दुधाला कोण येतं, सगळं तिला ठाऊक आणि मला नाही. दिवाळीला घरी गेले की मी पाहुणी. कानामागून आली नि तिखट झाली, असं मी मैत्रिणीला फोनवर म्हटलंही होतं. त्यात धाकटा आणि ती जवळजवळ एका वयाची. दिवसभर त्यांची थट्टामस्करी चालायची. तो तिला मोटरसायकलवर माहेरी सोडायचा, ती त्याच्यासाठी शेवभाजीचा रस्सा वेगळा काढून ठेवायची. थोरला बिचारा शब्दाला महाग, जेवला की अंगणात जाऊन बसणारा. मला ते दीर-भावजयीचं खिदळणं सलायचं. घरातल्या दुसऱ्या कुणाला सलत नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की दुखणं माझं आहे.

भाच्याचं बारसं मी केलं. आत्यानंच नाव ठेवायचं ना. मी पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी कुर्रर्र करून माझ्या पाठीत दणादणा गुद्दे घातले, मी बोंबलले, सगळा ओटा हसला. पोरगं ढिम्म. दचकलंसुद्धा नाही. "मोठं गुणी बाळ शे," म्हणाल्या बायका. मीही म्हणाले.

पहिल्यांदा भावजयीला समजलं. तिनं त्याच्या पाठीमागं परात आपटून पाहिली, कुत्रं पळालं आणि पोरगं तसंच मातीत खेळत राहिलं. चालायलाही त्याला फार वेळ लागला, आणि संध्याकाळी अंधारून आलं की तो भिंत धरून उभा राहायचा. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, आवाज मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन आहे, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं, कारण बोली शिकायचं मेंदूचं वय निघून जातं. शिवाय त्यांना आणखी एक शंका होती. जन्मापासून बहिरं आणि चालायला उशीर, ही जोडी काही मुलांत पुढं डोळ्यांवरही जाते. तसं असेल तर ऑपरेशनला पर्यायच नाही, कारण ओठांकडं बघून आणि हातवाऱ्यांनी शिकलेलं मूल डोळे अधू झाल्यावर करणार काय? ते जनुकांच्या तपासणीतून कळेल, म्हणाले.

आबांचा ऑपरेशनला ठाम नकार. "डोकं फोडानं? आपल्याकडं पोरे उशिरा बोलतस." थोरला अंगणात जाऊन बसला. भावजय रडून मोकळी झाली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का त्याच कामात आहेत. अक्कांचा रिपोर्ट येऊ द्या. डोळ्यांचं निघालं तर ऑपरेशन करायचं, नाही निघालं तर आबा म्हणतील तसं." आबा म्हणाले, "अक्का सांगेल ते." म्हणजे माझ्या रिपोर्टवर पोराचं ऑपरेशन अडून राहिलं. हे मला नीट, स्पष्ट, मराठीत सांगण्यात आलं होतं.

माझं काम काय, हे गावात कुणाला विचारलं तर "रगत तपासस" एवढंच सांगतील. माणसाच्या डीएनएचा सगळा मजकूर वाचायला घेतला तर ते फार मोठं प्रकरण होतं, आणि प्रत्येक वेळी त्याची गरजही नसते. बहिरेपणाचं कारण शोधायचं तर बहिरेपणाशी संबंध असलेली जनुकंच वाचायची. पण ती सगळ्या पसाऱ्यातून आधी वेगळी काढावी लागतात. हे वेगळं काढणं म्हणजे माझं काम. त्याच्या दोन रीती. एक पीसीआरची, हव्या त्या जागेच्या दोन्ही टोकांना खुंट्या मारायच्या आणि मधल्या तुकड्याच्या भाराभर नकला करायच्या. झटपट होते, पण तिच्यात एक खोड आहे. खुंटी मारायच्या जागीच कुणाच्या डीएनएत एखादं अक्षर बदललेलं असेल तर खुंटी बसत नाही, त्या तुकड्याची नक्कलच होत नाही. आईकडून आलेली प्रत दिसते, बापाकडून आलेली गायब, आणि गायब झाली हेही कळत नाही. दुसरी रीत कॅप्चरची. हव्या त्या जनुकांना नेमके चिकटतील असे छोटे प्रोब बनवून घ्यायचे, ते डीएनएच्या तुकड्यांत सोडायचे, मग लोहचुंबकाला ओढले जाणारे बारीक मणी घालायचे. मणी प्रोबला धरतात, प्रोब जनुकाला धरतात, ट्यूब चुंबकाला लावली की हवं ते भिंतीला चिकटून राहतं आणि बाकीचं धुऊन टाकायचं. सराफ बाजारातली धूळ गोळा करून तिच्यातून सोन्याचे कण काढणारी माणसं असतात ना जळगावात, त्यातलीच मी एक, फक्त पांढऱ्या कोटातली.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. प्रोब आपण ठरवतो. जे मागू तेच वर येतं, न मागितलेलं धुऊन जातं.

नियमानं घरच्यांचा नमुना मी हाताळायला नको होता. मी वरिष्ठांकडून परवानगी काढली, कारण दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. तीन जांभळ्या टोपणाच्या ट्यूब मी इथूनच पाठवल्या, माझ्या हातानं चिठ्ठ्या चिकटवून. मूल. आई. वडील. धरणगावच्या पॅथॉलॉजीतला रक्त घेणारा माणूस घरी जाऊन तीन रक्तं घेऊन आला, आणि थंड डब्यात ती पुण्याला आली. त्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला होता. "अक्का, रक्त गेलं बरं का. पण ह्यांचं काय झालं, सकाळी..." मी कामात होते. म्हटलं, "अगं, ट्यूब पोचल्या की मी बघते, आणि ह्या गोष्टी मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात. तू पोराला सांभाळ. ठेव फोन." तिनं ठेवला.

संक्रांतीच्या सुमारास निकाल माझ्यासमोर आला. डोळ्यांवर जाणाऱ्या त्या एका जनुकात पोराला दोन बिघाड होते. आईच्या नमुन्यात त्यातला एक सापडला. दुसरा बापाच्या नमुन्यात असायला हवा. नव्हता.

आधी मी माझ्या कामावरच शंका घेतली, एवढं तरी श्रेय मला द्या. प्रोब नीट धरले नसतील म्हणून ती जागा पुन्हा वेगळी काढली. मग पीसीआरनं, खुंट्या बदलून बदलून पाहिली. बापाच्या ट्यूबमधली ती जागा अगदी निरोगी निघाली, दोन्ही प्रती दिसत होत्या. आता आमच्या पॅनेलमध्ये, म्हणजे एका वेळी वाचायच्या जागांच्या यादीत, बहिरेपणाच्या जनुकांखेरीज आणखी काही जागा मुद्दाम घातलेल्या असतात. त्यांचा आजाराशी काही संबंध नाही. त्या नमुन्यांची ओळख पटवण्यासाठी, कुणाची ट्यूब कुणाच्या नावावर गेली तर पकडता यावी म्हणून. मी त्या काढून पाहिल्या. आई ही आई होती. बापाच्या ट्यूबमधला माणूस पोराचा बाप नव्हता. पण परकाही नव्हता. काका आणि पुतण्या यांच्यात जेवढं जुळावं साधारण तेवढं जुळत होतं.

थोरला पोराचा काका, म्हणजे बाप कोण? माझ्या डोळ्यांसमोर मोटरसायकल आली. धुळ्याचा रस्ता. वेगळा काढून ठेवलेला रस्सा. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला तर पडद्यावर, आकड्यांत दिसत होतं. चुकलेली ट्यूब पकडायला ठेवलेल्या जागा, आणि मी त्यांतून भावजय पकडली. ट्यूबवर शंका घ्या, असं रोज कोकलणाऱ्या बाईच्या डोक्यात ट्यूब आलीच नाही. चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती ना! माझं अक्षर कसं चुकेल!

त्या वेळी काय करायला हवं होतं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एक फोन. वडिलांचं रक्त पुन्हा पाठवा. बस्स. किंवा बापाची ट्यूब बाजूला ठेवून पोराचा आणि आईचा निकाल जळगावच्या डॉक्टरांना कळवायचा, की शंका खरी दिसतेय, थांबू नका. पोराचं जे कळायचं ते कळलेलं होतं. पण मी स्वतःला पटवलं की पुन्हा रक्त मागितलं तर प्रश्न निघतील, घर फुटेल, थोरला जीव देईल, आबा तोंड दाखवायचे नाहीत. घराची अब्रू मी एकटी राखत होते. वरिष्ठांना म्हटलं, नमुन्यात अडचण आहे, बघते. घरी विचारलं की म्हणायचे, "वेळ लागतो. हे काय साखर तपासण्याइतकं सोपं आहे का?"

भावजय दर काही दिवसांनी फोन करायची. "अक्का, झालं का काही?" मी तुटक बोलायचे. एकदा तर म्हटलं, "तुला कसली एवढी घाई आहे गं?" ती म्हणाली, "डॉक्टर घाई करा म्हणतात." मी फोन ठेवल्यावर मैत्रिणीला सांगितलं, बघ, चोराच्या मनात चांदणं. हे शब्द माझ्या तोंडून गेलेत. आजही आठवले की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी गेले. आमच्याकडं आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण, माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घराघरांत गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. आईची घागर भरायची होती. भावजय अंगणातल्या चुलीवर खापर ठेवून मांडे करत होती. हातावर पुरणाचा मांडा फिरवत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा, ही कला मला आली नाही, आईच्या हातात होती, आता तिच्या. शेजारच्या दोघीतिघी बसलेल्या. पोरगं तिच्या पदराला धरून उभं. धाकट्यानं येऊन गरम मांडा उचलला, तिनं उलथन्यानं त्याच्या हातावर लटकंच मारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धन्याला मिळो न मिळो, दिराचं पोट आधी भरतं बाई हिच्याकडं."

बायका हसल्या, थट्टा म्हणून. भावजय हसली नाही. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग खापरावरच्या मांड्याकडं बघत राहिली, तो करपेपर्यंत.

जेवणं झाल्यावर धाकटा मागच्या गोठ्यात ट्रॅक्टरचं काहीतरी खोलून बसला होता. मी गेले. इतके महिने पोटात दाबलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, "लाज नाही वाटली? सख्खा भाऊ तुझा! त्याच्या ताटात जेवतोस आणि..." तो पाना हातात धरून माझं तोंड बघत राहिला. "काय व्हयनं अक्का?" मी म्हटलं, "मला विचारतोस? मी रक्तात बघितलंय. थोरला त्या पोराचा बाप नाही. काका आहे. तो काका, तर बाप कोण, ते तूच सांग आता!"

त्याला समजायला वेळ लागला. चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला, आणि मग तो एकदम म्हणाला, "कोणानं रगत? भाऊनं? अक्का, भाऊनी रगत दिधंच नही! मी दिधं!"

मी म्हटलं, "काय?"

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी सकाळी रक्त घेणारा आला तेव्हा थोरला घरीच होता. मारका बैल शिंगाला धरून आवरणारा गडी, पण सुई पाहिली की त्याला घाम फुटतो, हे तर मला लहानपणापासून माहीत. शाळेत टोचायला आले की तो तुरीत जाऊन लपायचा आणि मीच त्याला कान धरून आणायचे. सुई बाहेर निघाली आणि तो म्हणाला, लाईट आली, मोटर चालू करून येतो. गेला तो आलाच नाही. रक्त घेणाऱ्याला पुढच्या गावाला जायची घाई. धाकट्यानं बाही वर केली, म्हणाला, घे माझं. आबा खाटेवरून म्हणाले, "एकच मायबापना पोरे दोन्ही. एकच घरनं रगत शे. त्यामा काय फरक?" आणि धाकट्याच्या दंडातलं रक्त 'वडील' लिहिलेल्या ट्यूबमध्ये गेलं.

कुणी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते खरंच एक रक्त होतं. एका चुलीवर जेवतात, एका नावानं ओळखले जातात, एकाचं शेत दुसरा नांगरतो, मग रक्त तेवढं वेगळं कसं? आणि आकडेही खोटं बोलले नव्हते. ट्यूबमधला माणूस पोराचा काका आहे, असंच तर ते सांगत होते. काकाच होता तो! उरलेलं सगळं मी माझ्या पदरचं घातलं.

धाकटा रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, हाताला ग्रीस, आणि मनगटानं डोळे पुसत म्हणाला, "तू असं समजलीस? माझ्याबद्दल? वहिनीबद्दल?" तेवढ्यात माझ्या मागं कपबशी वाजली. भावजय गोठ्याच्या दारात चहा घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. सगळं ऐकलं होतं, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

मला वाटलं, आता ही कप फेकून मारेल. मारावा, असंच मला वाटत होतं. माझ्या आईला उद्देशून चार शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं कपबश्या खाली गव्हाणीच्या कठड्यावर ठेवल्या, पदर सारखा केला आणि विचारलं, "म्हणजे रिपोर्ट आला होता, अक्का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डोळ्यांचं निघालं?"

"हो."

"कधी?"

मी म्हटलं, "संक्रांतीला."

ती दारातच खाली बसली. स्वतःवर झालेल्या आरोपाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिच्या नावाला मी जे काळं फासलं ते तिनं बाजूला सारलं, जसं काही ते नंतर बघता येईल. ती फक्त म्हणाली, "संक्रांतीपासून मी रोज देवाला विनवतेय, आज तरी येऊ दे." आणि मग, "मी त्या दिवशी तुम्हाला तेच सांगत होते, की ह्यांनी नाही दिलं, भाऊजींनी दिलं, चालेल का. तुम्ही म्हणालात ठेव फोन."

थोरल्याला धरणगावला मीच घेऊन गेले दुसऱ्या दिवशी. सुई टोचताना त्यानं माझा हात असा आवळला की बोटं काळीनिळी झाली. त्याला आम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं की ट्यूब बदलली गेली होती. बाकीचं भावजयीनं त्याला सांगितलं नाही, धाकट्यानंही नाही. मी तीन-चारदा सांगायला गेले, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अक्का, तुमचं मन हलकं करायला त्यांचं जड करू नका." थोरल्याच्या रक्तात दुसरा बिघाड सापडला, अगदी जिथं असायला हवा तिथं. मी त्याच दिवशी रिपोर्ट पाठवला. आबांनी "अक्का सांगेल ते" हा शब्द पाळला. ऑपरेशन पावसाळ्यात झालं.

त्यानंतर भावजय पोराला घेऊन धुळ्याला माहेरी राहिली, कारण ऐकायला शिकवणाऱ्या बाई तिथं होत्या. मी सुट्टी मिळेल तशी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा पोराच्या कानामागं यंत्र होतं आणि डोक्याला एक छोटी चकती, चुंबकानं चिकटलेली. मला त्या चकतीकडं बघवेना. माझ्या टेबलावर रोज चुंबकाला ट्यूब लावून मी हवं ते धरून ठेवते, आणि इथं मी धरून ठेवला तो या पोराचा रिपोर्ट.

त्या वर्गात एक शब्द वापरतात, ऐकण्याचं वय. मुलाचं वय जन्मापासून मोजतात तसं ऐकण्याचं वय यंत्र सुरू झाल्या दिवसापासून. आमचा भाचा अंगानं सगळ्यांत मोठा आणि ऐकण्यात सगळ्यांत लहान. वयानं त्याच्याहून जरासाच लहान, शिरपूरकडचा एक मुलगा होता, त्याचं ऑपरेशन हिवाळ्यातच झालेलं. तो "आई पाणी" म्हणत होता. चक्क ऐकू येईल असं. भावजय त्याच्या तोंडाकडं बघत राहिली होती आणि मी भावजयीकडं.

त्या मुलाची आई बाकावर आमच्या शेजारी बसलेली. बोलकी बाई. विचारलं तिनं, "तुमचं एवढं लेट का केलं हो? लवकर करायचं असतं ना." भावजय म्हणाली, "रिपोर्टला उशीर झाला." माझ्याकडं पाहिलंही नाही तिनं.

मी सुटले, असं मला क्षणभर वाटलं. ते वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती बाई पुढं म्हणाली, "आम्हाला पण धाकटीचा करून घ्यायचाय तो रिपोर्ट. कुठं केला तुम्ही?" आता भावजय वळली. आखाजीनंतर पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांना विचारा. आमच्या अक्का तिथंच असतात."

"हो का! मग ताई, वेळेवर देतात ना हो तिथं?"

भावजयीनं मान वळवली नाही. मी काय म्हणते ते ऐकायला ती थांबली होती. मी म्हणाले, "रिपोर्ट वेळेवर तयार होता. मी दिला नाही. ह्या माझ्या भावजयीवर मी नको तो संशय घेतला, आणि तो घेऊन बसले. उशीर माझ्यामुळं झाला."

ती बाई आपल्या मुलाचं यंत्र उगाच नीट करत बसली. आतून शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला हाक मारली.

आत चटईवर पोराला पाठमोरं बसवलं, हातात ठोकळे दिले. मागून नावानं हाक मारायची आणि तो वळतो का बघायचं, असा त्या दिवशीचा पाठ. रोज भावजय मारायची हाक. त्या दिवशी ती उठली, भिंतीशी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही ठेवलंय नाव. तुम्ही मारा."

मी पोराच्या मागं गुडघ्यांवर बसले. बारशाला जे नाव पाळण्यात वाकून सांगितलं होतं ते म्हटलं. त्यानं एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसरा ठोकळा ठेवला. माझा आवाज फाटला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रडका आवाज नको, साधा, रोजचा हवा." मी डोळे पुसून साध्या आवाजात हाक मारली. तो वळला नाही.

मी भावजयीकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनीच पोराकडं दाखवलं. "माझ्याकडं काय बघता अक्का," ती म्हणाली. "मलाही कितीतरी दिवस वळला नव्हता. मारत राहा."

मी हाक मारत राहिले.